दोन कडी आणि एक थैली

ठोंबरे सरांना चिडलेलं पाहिलेला माणूस आमच्या कॉलेजात सापडायचा नाही, आणि रडलेलं पाहिलेला तर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नाही. पोरं त्यांना ‘फ्रीज’ म्हणायची. मागून म्हणायची, पण सरांना ते माहीत होतं. एकदा गॅदरिंगमध्ये एका पोराने माईकवर त्यांची नक्कल केली. हात मागे बांधलेले, मान डावीकडे कललेली आणि आवाज एकाच पट्टीत: “लॅबमध्ये आग लागून राह्यली का? बरं. बाहेर निघा मंग.” हॉल हसून लोळला. सर पहिल्या रांगेत बसले होते. नक्कल संपल्यावर त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि सांगितलं, “मान उजवीकडे असते माही.” आम्ही पाहिलं, तर खरंच उजवीकडे होती.

मी त्यांच्यासोबत एका खोलीत बरीच वर्षं काम केलं. आमचं कॉलेज वर्धेच्या बाहेर, सावंगीच्या रस्त्याला. आता सर रिटायर होऊन रोहण्याला, आपल्या गावी गेले, तर लोक मला विचारतात, काय करत होते हो ते त्या खोलीत एवढी वर्षं? मी म्हणते, लेझर. ते म्हणतात, डोळ्याच्या ऑपरेशनचं? मी म्हणते, नाही. तिथे बोलणं संपतं. एकेकाला उभ्या उभ्या सांगण्यात दम निघतो, म्हणून एकदाच बसून सांगून टाकते.

सरांचं सगळं काम एका चिपवर होतं. चिप म्हणजे करंगळीच्या नखात मावेल एवढा तुकडा. तो बाहेरून बनून यायचा, आराखडा सरांचा असायचा आणि तपासणी आमच्या खोलीत व्हायची. त्या तुकड्यावर प्रकाशाला जायला एक वाट असते, केसापेक्षा कितीतरी बारीक. वाटेच्या शेजारी एक गोल कडं. कडं वाटेला चिकटलेलं नसतं, मध्ये फट असते, तरी प्रकाश ती फट ओलांडून कड्यात शिरतो. कड्यात फेरी मारून जो रंग स्वतःशी जुळून येतो तो आत टिकतो, बाकीचे आपल्या वाटेने निघून जातात. अशी शेजारी शेजारी दोन कडी, एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं. दोन्ही कड्यांना मंजूर असलेला एकच रंग लेझरमधून बाहेर पडतो. कड्यावर बारीकशी शेगडी बसवलेली असते. तिची आच कमी-जास्त केली की रंग बदलतो, रेडिओवर स्टेशन बदलावं तसा. हे रंग डोळ्याला दिसत नाहीत. आम्हाला दिसायची ती पडद्यावरची एक उभी रेघ.

हेच सर वर्गात शिकवायचे तेव्हा फळ्यावर आधी विहीर काढायचे. “रोहण्याले आमची वांग्याची वाडी आहे. विहीर सामाईक, आमची अन् चुलत्याची. पाण्याची पाळी ठरलेली. मोटारपंपाची लाईन एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. आता पाहा. पाळी आपली आहे अन् लाईन नाई, तर पाणी नाई. लाईन आहे अन् पाळी चुलत्याची, तरी पाणी नाई. दोन्ही जुळले त्याच टायमाले वांग्याले पाणी भेटते. दोन कड्यायचंही असंच आहे.” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचं, “सर, अन् जुळलेच नाई तर?” सर फळा पुसत म्हणायचे, “तर वांगे सुकतात.” दरवर्षी हाच प्रश्न यायचा आणि दरवर्षी हेच उत्तर. एका वर्षी कोणी विचारलंच नाही, तर सर खडू हातात घेऊन थोडा वेळ थांबले होते.

त्यांचे हात पाहण्यासारखे होते. केसाएवढा काचेचा धागा चिपच्या काठाशी नेऊन बसवायचा, तोही असा की आत प्रकाश गेला पाहिजे आणि काठाला टोक लागता कामा नये. मी हे करताना दात-ओठ खायची, घामाघूम व्हायची. सर स्टुलावर बसत, शर्टाच्या बाह्या एक घडी वर घेत आणि स्क्रू असे फिरवत की बोटं हलतात की नाही ते कळू नये. तेवढ्या वेळात कोणी बोललं तर उत्तरही देत. मोबाईल वाजला तर म्हणत, “मॅडम, पाहा बरं कोणाचा आहे.” धागा जागेवर राहायचा.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते उकळता चहा पीत. बाहेर ऊन कानशिलं भाजून काढतंय, आम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून आलेल्या, जीव नुसता पाणी-पाणी करतोय, आणि हा माणूस कपातून वाफ निघेल असा चहा घेऊन उभा. मी एकदा न राहवून म्हटलं, सर, तुम्हाला गरम नाही का होत? तर म्हणाले, “होते ना.” बस, एवढंच.

उन्हाची भानगड खरी चिपची होती. खोली तापली की कडी बदलतात आणि रेघ सरकते. सकाळी मापात बसवलेला रंग दुपारी भलतीकडेच. जो येईल तो सांगायचा, ए.सी. लावा. सर म्हणत, “आपल्या खोलीत लावू हो. वार्डात कुठून आणता? गावच्या दवाखान्यात कुठून आणता?” कारण त्यांना हा लेझर दवाखान्यासाठी पाहिजे होता. प्रत्येक वायू प्रकाशातला आपला आपला रंग खातो. किडनी गेलेल्या माणसाच्या श्वासात अमोनिया असतो. लेझर नेमका अमोनियाच्या रंगावर बसवला आणि त्याच्यासमोरच्या काचेच्या नळीत त्या माणसाचा श्वास सोडला, की पडद्यावर खड्डा पडतो. खड्डा जेवढा खोल तेवढा अमोनिया जास्त. सुई नाही, रक्त नाही. फक्त लेझर त्या रंगावरून हलला नाही पाहिजे, आणि वर्धेच्या उन्हाळ्यात तो हलायचाच.

सरांच्या बायकोच्या, शोभाकाकूंच्या, किडन्या गेल्या होत्या. हप्त्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला सावंगीला न्यावं लागे. त्यामुळे गावभर बोललं जायचं की ठोंबरे सर बायकोसाठी मशीन बनवून राह्यले. आमच्या प्रिन्सिपलांनी तर एका कार्यक्रमात गळा दाटून आणून तसं भाषण केलं. सर उभे राहिले. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, “तसं नाई. मी हे काम तिच्या आजाराच्या आधीपासून करून राह्यलो. अमोनिया घेतला, कारण त्याचा रंग आपल्या लेझरले सोपा पडते.” आणि बसले. प्रिन्सिपलांचं तोंड पाहण्यासारखं झालं. काकू माझ्या शेजारी होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरांकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, “पाह्य बाई, माह्या किडन्या यायच्या लेझरले सोप्या पडल्या.”

काकू आष्टीच्या. सर जेवढे थंड तेवढी ही बाई बोलकी. हाताला डायलिसिससाठी केलेली गाठ दिसायची, चेहरा काळवंडलेला, पाणी मोजून प्यायचं, तरी जिभेचा पट्टा सुरूच. सर कड्यांबद्दल बोलायला लागले की म्हणायच्या, “झाल्या यायच्या बांगड्या सुरू.” सर आठवड्यातून दोनदा, डायलिसिसच्या आधी, त्यांना एका थैलीत श्वास सोडायला लावत. उशीच्या खोळीच्या अर्ध्या आकाराची, चकचकीत प्लास्टिकची थैली, तोंडाला छोटी तोटी. काकू फुगवत आणि मध्येच थांबून म्हणत, “लेकरायच्या वाढदिवसाले फुगे फुगवा लागते. लेकरू तं झालं नाई, फुगे मातर फुगवून राह्यली.” हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या तेव्हा मी जमिनीकडे पाहिलं. सर म्हणाले, “अजून थोडं. अर्धीच भरली.”

ती थैली स्कूटरच्या हँडलला अडकवून ते लॅबमध्ये आणत. त्याच दिवशी तपासावी लागे, कारण अमोनिया थैलीच्या प्लास्टिकला चिकटतो. दोन दिवसांत थैली फुगलेलीच दिसते, पण आत तपासण्यासारखं काही उरत नाही. आणि त्याच दिवशी लेझर जागेवर बसलेला असेल तर ना. कधी थैली आहे आणि रेघ सरकलेली, कधी रेघ जागेवर आणि थैलीचा वार नाही. सर म्हणत, “पाळी आहे तं लाईन नाई.”

मग एक गंमत झाली. होळी होऊन गेली होती, खिडकीला नुकताच कूलर लागला होता. त्या आठवड्यात सकाळी सकाळी लेझर अमोनियाच्या रंगावर असा बसला की तासभर हलला नाही. आणि पडद्यावर खड्डा. नळी रिकामी, थैली लावलेली नाही, तरी खड्डा. सर पडद्याकडे पाहत म्हणाले, “नळीत काई नाई, तं खड्डा काऊन?” दोन दिवस आम्ही सगळं खोलून पाहिलं, तारा बदलल्या, नळी धुतली. सकाळी खड्डा हजर. खोलीत एक कुबट वास येत होता. मी म्हटलं, कूलरचं गवत जुनं झालंय. गवत बदललं. खड्डा तसाच, वासही तसाच.

तिसऱ्या दिवशी सरांचे मोठे भाऊ आले. नानाभाऊ रोहण्याला वाडी करतात, भाजी घेऊन वर्धेच्या बाजारात येतात आणि भावाला वांग्याची पिशवी देऊन जातात. दारात उभे राहून म्हणाले, “पल्हाद, ते पोतं उचललं नाई काय रे अजून?”

“कोणतं पोतं?”

“कोंबडीखताचं. शोभाच्या कुंड्यायले आणलतं ना मी. सोमवारी ठेवून गेलतो. तू क्लासवर होतास. इथं सावलीत ठेवलं, खिडकीखाली.”

खिडकीखाली म्हणजे बरोबर कूलरच्या पाठीमागे. तीन दिवस कूलर ते कोंबडीखत खोलीत फुंकत होता आणि आमची उघडी नळी त्यातला अमोनिया इमानाने मोजत होती. मी हसून हसून बेजार झाले. सरांनी खिडकीतून वाकून पोतं पाहिलं, परत येऊन पडदा पाहिला. म्हणाले, “म्हणजे लेझर बरोबर होता.” नानाभाऊ म्हणाले, “मंग? खत काय खोटं होतं? चोख आहे ते.”

हे काकूंना कळलं आणि त्या तेच धरून बसल्या. “कोंबडीचं दिसलं यायले, माहं नाई दिसत. मले एकदा दाखवा ना, माहा श्वास कसा दिसते ते.” रोज तेच. त्या बाईने एवढ्या थैल्या फुगवल्या होत्या आणि त्यांचं पुढे काय होतं ते एकदाही पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, “दाखवतो.” सरांनी ‘दाखवतो’ म्हटलं म्हणजे ते दाखवणार, यात आम्हाला कोणालाच शंका नव्हती.

एप्रिलात त्या आल्या. ऑटोतून उतरून माझ्या खांद्याला धरून हळूहळू चालत. साडी चांगली नेसलेली, कुंकू ठळक. स्टुलावर बसल्या, थैली तिथेच फुगवली, सरांनी नळीला जोडली, तोटी उघडली. सगळे पडद्याकडे पाहत राहिलो. रेघ सकाळपासून सरकत होती आणि तेव्हा तर पार बाजूला गेली होती. सरांनी शेगडीची आच थोडी कमी केली, थोडी वाढवली. रेघ अमोनियाच्या जवळ यायची आणि थांबायची नाही. थैली रिकामी झाली. पडदा सपाट.

“नाई दिसला,” सर म्हणाले. “लेझर सरकला.”

काकू म्हणाल्या, “एवढ्या वर्सांत तुमाले माहा श्वास नाई दिसला, आज कुठून दिसन? चला, चहा पाजा.”

सरांनी त्यांना अर्धा कप चहा दिला. मला त्या दिवशी सरांचा राग आला होता. एखादा शब्द बोलावा माणसाने. खांद्यावर हात ठेवावा. ते चहा देऊन झाल्यावर म्हणाले, “नवीन चिप सांगितली आहे. तिची शेगडी जास्त आच सोसणारी आहे. ती आली का दाखवतो.”

“कधी येते?”

“पावसाळ्यानंतर.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “तोवर आहो मी इथंच.”

नव्या चिपमागचा विचार सरांनी मला त्याच आठवड्यात समजावला होता. सगळे लोक चिप थंड ठेवायच्या मागे लागतात. सर म्हणाले, “वर्ध्याच्या उन्हाले थंड करता येत नाई, मॅडम. ऊन सत्तेचाळीसवर जाते. आपण कडी सत्तरवर ठेवायची, बाराही महिने. बाहेर ऊन असो का थंडी असो, कडी आपली त्याच्यापेक्षा गरम. ऊन वाढलं का शेगडी तेवढी कमी करायची. मंग ऊन काय करते तिले? वरून पाहणाऱ्याले वाटन का काई होऊनच नाई राह्यलं.”

काकू श्रावणात गेल्या.

त्या दिवशी सकाळी सर नेहमीसारखे थैली घेऊन आले. काकू सावंगीला होत्या, शेजारची बाई सोबत होती. सरांनी थैली खिडकीशेजारच्या खुंटीला लावली आणि म्हणाले, क्लास घेऊन येतो, मग पाहू. ते आले आणि धागा बसवायला बसले, तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. “मॅडम, पाहा बरं.” मी उचलला. दवाखान्यातून होता. मी ऐकलं आणि मोबाईल त्यांच्याकडे धरला. त्यांनी ऐकलं. “हो,” म्हणाले. “येतो.” मग काचेचा धागा स्क्रूने मागे घेतला, अगदी हळू, टोक काठाला न लागू देता. लेझर बंद केला. चिपवर झाकण ठेवलं. बाह्या खाली केल्या, बटन लावलं. मी दारात चप्पल घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस आहे की काय आहे.

रोहण्याला नेलं. बायका घाटावर जात नाहीत, पण नंतर नानाभाऊंनी मला सांगितलं. सरणाजवळ सगळे रडत होते, आणि सर हात मागे बांधून उभे. मग म्हणाले, “दादा, वारा तिकडून आहे. इकडून लावू.” नानाभाऊ हे सांगताना रडले. मी ऐकून घेतलं. मला तेव्हा काही वाटलं नाही. काकूंवर माझा जीव होता, त्यांच्या हातचं मी कितीदा जेवले, पण डोळ्यांत पाणी येईना. घरी आले, पोरांचे इंटर्नलचे मार्क भरायचे राहिले होते ते भरले. वाईट वाटायला पाहिजे होतं, हे कळत होतं. तसं बरेच दिवस चाललं.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले. थैली खुंटीलाच होती. फुगलेली. मी ती काढायला गेले, तर म्हणाले, “राहू द्या.” तिच्यावर कूलरचा वारा येत होता, ती हलत होती. त्यांनी ती उचलून आतल्या भिंतीच्या खुंटीला लावली आणि कामाला बसले.

थैलीतून हवा जाते. कितीही चांगली थैली असली तरी तोटीतून, शिवणीतून थोडी थोडी जातेच. दिवाळीपर्यंत तिला सुरकुत्या पडल्या. संक्रांतीला निम्मी बसली. झाडायला येणारी बाई एकदा म्हणाली, हे फेकू काय जी? सर म्हणाले, “नाई.” आम्ही कोणी तिच्याबद्दल बोलत नव्हतो. मी सकाळी दार उघडलं की पहिले तिच्याकडे पाहायची आणि मग दिवा लावायची.

नवी चिप दिवाळीनंतर आली. ती बसवण्यात, शेगड्यांची आच जमवण्यात थंडी गेली. मे उजाडला. एका सकाळी सरांनी कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या, कडी सत्तरवर नेली आणि रेघ अमोनियाच्या रंगावर बसवली. दहा वाजले, बारा वाजले. भिंतीला हात लावला तर भाजत होतं. मी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले होते. दोन वाजता सर चहा घेऊन आले. रेघ तिथेच. चार वाजता तिथेच. ऊन उतरलं, खोली निवली, तरी ती आपल्या जागेवरून हलली नाही. एवढ्या वर्षांत मी अशी रेघ पाहिली नव्हती. दोघं पडद्याकडे पाहत बसलो आणि मला वाटलं होतं की या दिवशी काहीतरी होईल. काही झालं नाही. सर म्हणाले, “राह्यली.” मी म्हटलं, “हो, राहिली.”

मग मी म्हणून टाकलं. “सर, काकूंना दाखवायचं होतं ना.”

“हो.”

“थैली आहे अजून. लावू या का?”

सर भिंतीकडे वळले. थैलीत तोवर पोळीच्या फडक्यात दोन भाकरी गुंडाळाव्या एवढाच फुगवटा उरला होता. मग वर्गात बोलत त्याच आवाजात म्हणाले, “अमोनिया तं तिच्यात नसनच आता. तो दोन दिवसांतच गेला. लावली तर पडदा सपाट येईन. अन् थैलीही रिकामी होईन.”

“पण ती तशीही रिकामी होतेच आहे, सर. दोन-चार महिन्यांत काही राहणार नाही.”

“माहीत आहे मले,” सर म्हणाले. “होऊ द्या. पण मी नाई करत.”

त्यांनी लेझर बंद केला, झाकण ठेवलं, बाह्या खाली केल्या. डाव्या बाहीचं बटन काही केल्या लागेना. मी पाहत होते. ते बटन हातात धरून उभे राहिले, मग तसंच सोडून दिलं आणि स्कूटरची चावी घेऊन निघून गेले. घरी गेल्यावर मी त्या दिवशी रडले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हटलं, लेझर जमला. तो म्हणाला, मग रडतेस काय?

पुढे दवाखान्याच्या परवानगीने डायलिसिसचे पेशंट यायला लागले, थैलीत श्वास सोडायला. सरांची तेव्हापासून एक नवीन सवय झाली. तपासणी झाली की ते पडदा फिरवून पेशंटच्या तोंडासमोर करत. कोणी विचारो न विचारो. “पाहा. हा तुमचा श्वास आहे.” एक म्हातारी होती आष्टीकडची, तिला पडद्यावरचं काही कळेना. म्हणाली, “कुठं आहे जी?” सरांनी तिचा हात धरून तिचं बोट पडद्यावरच्या खड्ड्यावर ठेवलं. “हे इथं. हे सगळं तुमचं आहे.” म्हातारी बोट तिथेच ठेवून बसली. मागे रांग लागली होती, पण सरांनी तिला उठवलं नाही. तिने आपणच बोट काढलं तेव्हा पुढच्याला बोलावलं.

यंदा ते रिटायर झाले. निरोप समारंभात प्रिन्सिपलांनी परत काकूंचं नाव घेऊन भाषण केलं. या वेळी मी सरांकडे पाहिलं, आता उठतील आणि दुरुस्ती करतील म्हणून. ते उठले नाहीत. मान उजवीकडे कलवून ऐकत बसले.

रोहण्याला जायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. नानाभाऊ थकले, वाडीकडे पाहायला कोणी नाही. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. सर मात्र एसटीने जाणार होते. मी बसस्टँडवर सोडायला गेले. हातात ना पेटी ना बॅग, नुसती ती थैली. तोटीजवळ दोन बोटांनी धरलेली. आता तिच्यात ओंजळभर हवा असेल नसेल.

रोहण्यावरून जाणारी आर्वीची बस लागली. सर चढले आणि खिडकीजवळ बसले. मी खाली उभी. बस भरली, लोक मधल्या जागेत उभे राहिले. सर नेहमी बाईमाणूस दिसलं की उठून जागा देत, आज ते उठले नाहीत. थैली मांडीवर, दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना, न दाबता. कंडक्टर गर्दीतून आला आणि म्हणाला, “काका, ते पाकीट वर टाका. इथं दबन.”

“वर दबन, म्हणूनच नाई टाकत,” सर म्हणाले.

“काय आहे त्यात?”

“हवा आहे.”

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तसा तो शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाला, भाऊ, जरा सरकून बसजो. तो माणूस सरकला.

सर मला म्हणाले, “मॅडम, कूलरचं गवत बदलून घेजा.” मी म्हटलं, घेते. बस सुटली. स्टँडच्या फाटकाशी एक मोठा खड्डा आहे, वर्षानुवर्षं तसाच आहे, तिथे प्रत्येक बस आदळते. बस तिथे पोचायच्या आधीच सरांनी थैली दोन्ही हातांनी मांडीवरून उचलून अधांतरी धरली. बस आदळली, सगळ्यांच्या माना हलल्या. थैली हलली नाही.